मुंबई नको, तिकडचं ठाणं शोध: एक्सचेंज सेमिस्टरसाठी शहर निवडताना

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू आता थर्ड इयरला जाणार, ब्रँच कॉम्प्युटर, राहायला घोडबंदर रोडला आणि कॉलेज नेरूळला. पाचवं सेमिस्टर बाहेर करायचंय. कॉलेजने पाच शहरांची लिस्ट दिलीये, पॅरिस, म्युनिक, लिऑन, सिंगापूर आणि फिनलंडमधलं ताम्पेरे, त्यातली तीन पुढच्या शुक्रवारपर्यंत प्रेफरन्सने भरून द्यायचीत. बजेट सगळं धरून सहा लाख. तू ठरवलंयस पॅरिस, म्युनिक, सिंगापूर. आणि आईचे दोन प्रश्न, तिकडे जेवणाचं काय आणि कुकर न्यायचा का.

कुकरचं शेवटी सांगते. मी तुझ्या जागी असते तर ताम्पेरे, सिंगापूर, लिऑन अशी यादी भरली असती. हे वाचून तुझं तोंड वाकडं होणार हे मला माहितीये, 14 वर्षं नवी मुंबईतल्या एका कॉलेजात हेच काम केलंय, मुलांचे फॉर्म पुढे पाठवायचे, परत आल्यावर क्रेडिट जुळवायचे आणि मधल्या काळात रात्री-अपरात्री फोन उचलायचे. दरवर्षी माझ्या टेबलासमोर बसलेल्या दहापैकी आठ मुलांच्या यादीत पहिलं नाव एखाद्या राजधानीचं असतं. का विचारलं की म्हणतात मॅडम नाव मोठंय, किंवा नुसतं हसतात.

मी नौपाड्यात वाढले. आम्हा ठाणेकरांना जन्मभर ऐकवलं गेलंय की ठाणं म्हणजे काय मुंबई नव्हे. नव्हेच. म्हणूनच आम्ही संध्याकाळी चालत तलावपाळीला जाऊन परत घरी जेवायला येतो, गडकरीला नाटक सुटलं की रिक्षा नाही मिळाली तरी चालतं, आणि मुंबई बघावीशी वाटली तर रविवारी गाडीत बसून बघून येतो. मुंबईत राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने मुंबई माझ्याइतकीही बघितली नसेल, त्याचा सगळा जीव भाड्यात आणि लोकलमध्ये गेला. एक्सचेंजला साडेचार महिने मिळतात, त्यातला पहिला महिना कागदपत्रांत आणि शेवटचा परीक्षेत जातो. उरलेल्या अडीच महिन्यांसाठी तुला तिकडचं ठाणं पाहिजे, मुंबई नाही.

पण शहरावर यायच्या आधी कॅलेंडर बघ, कारण तुझ्या यादीतलं एक नाव तिथेच गळतं. म्युनिक. जर्मनीत विंटर सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं, लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात आणि परीक्षा त्याच्याही नंतर. तुझं सहावं सेम जानेवारीत सुरू होणार, म्हणजे तू परत येशील तेव्हा इथे दीड-दोन महिने शिकवून झालेलं असेल आणि अटेंडन्ससाठी तुला एचओडींच्या दारात उभं राहावं लागेल. बरं, पुढच्या समर सेमिस्टरला जाते म्हणशील तर ते एप्रिल ते जुलै, परीक्षा कधीकधी ऑगस्टपर्यंत, म्हणजे सहावं सेम अर्धं इकडे अर्धं तिकडे आणि उन्हाळ्यातली इंटर्नशिप पूर्ण गेली. सातव्या सेमच्या तोंडावर प्लेसमेंट सुरू होतात तेव्हा रेझ्युमेवर इंटर्नशिपची जागा रिकामी. मॅनहाइम युनिव्हर्सिटीसारखे अपवाद आहेत, त्यांनी आपलं कॅलेंडर सप्टेंबर ते डिसेंबर असं करून घेतलंय, पण ते तुझ्या लिस्टमध्ये नाही.

फिनलंडचं ऑटम सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन ख्रिसमसच्या आधी संपतं, तेही दोन पिरियडमध्ये वाटलेलं, त्यामुळे निम्म्या विषयांच्या परीक्षा ऑक्टोबरातच उरकतात. सिंगापूर ऑगस्ट ते डिसेंबरची सुरुवात. फ्रान्समध्ये कॉलेजवर अवलंबून आहे, काही ठिकाणी डिसेंबरात मोकळं करतात आणि काही ठिकाणी जानेवारीत परीक्षा ठेवतात, म्हणून लिऑनवाल्यांना एक ओळीचा मेल टाकून शेवटच्या परीक्षेची तारीख लेखी मागून घे. ‘साधारण डिसेंबर’ असं उत्तर आलं तर परत विचार, लाजू नकोस.

आता खोली. मी एवढ्या वर्षांत एकच गोष्ट ठामपणे शिकले असेन तर ती ही, की सेमिस्टर चांगलं गेलं की वाईट गेलं ते बहुतेक वेळा पहिल्या दहा दिवसांत ठरतं आणि ते राहायला कुठे मिळालं यावर ठरतं. 2019 मध्ये आमच्याकडची एक मुलगी हट्टाने एका मोठ्या युरोपियन राजधानीत गेली. हॉस्टेल मिळालं नाही, तर ऑनलाइन एक फ्लॅट बघितला, फोटो छान, मालक म्हणे सध्या परदेशात असतो, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल. 900 युरो पाठवले. चावी काही आली नाही, म्हणून विमानतळावरून ती थेट पत्त्यावर गेली तर खाली दाताच्या डॉक्टरचा दवाखाना आणि वर त्याच डॉक्टरचं घर. रात्री अडीचला मला फोन. पुढचे तीन आठवडे ती बॅकपॅकर हॉस्टेलच्या आठ बेडच्या खोलीत राहिली, उशीखाली लॅपटॉप आणि पासपोर्ट, बाथरूमला जातानासुद्धा दोन्ही बरोबर. पास झाली, पण त्या शहरातलं काय आवडलं विचारलं तर तिला पटकन काही आठवेना.

म्हणून पार्टनर युनिव्हर्सिटीच्या पानावर दोन शब्दांतला फरक ओळखायला शिक. ‘हाउसिंग गॅरंटीड’ म्हणजे खोली मिळणार. ‘हाउसिंग असिस्टन्स’ म्हणजे आम्ही तुम्हाला चार वेबसाइटच्या लिंक पाठवू, पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब. मधलं एक असतं, ‘खोल्या राखीव आहेत पण संख्या मर्यादित’, तिथे ज्या दिवशी अर्ज उघडतात त्या दिवशी भरायचा, आयआरसीटीसीच्या तत्कालसारखं घड्याळ लावून. तुझ्या लिस्टमध्ये नेदरलँड्स नाही ते एका अर्थी बरंच आहे, शिक्षण उत्तम पण 2018 मध्ये ग्रोनिंगेनला नव्या परदेशी मुलांना तंबूत झोपवायची वेळ आली होती आणि त्यानंतर तिकडच्या युनिव्हर्सिट्या स्वतःच सांगायला लागल्या की खोली मिळाली नसेल तर येऊ नका.

म्युनिक या बाबतीतही महागात पडलं असतं, बाहेरची साधी शेअरिंगमधली खोली महिन्याला 750-800 युरोच्या घरात, आणि स्वस्त स्टुडंट हॉस्टेलची वेटिंग लिस्ट सेमिस्टरांमध्ये मोजतात. त्यात सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आसपासपर्यंत ऑक्टोबरफेस्ट, तिकडची बिअरची मोठी जत्रा, म्हणजे नेमकी तू घर शोधायला पोचशील तेव्हा हॉटेलांचे भाव गगनाला भिडलेले. पॅरिसमध्ये सरकारी विद्यार्थी खोल्या मिळाल्या तर नशीब, बाहेर छोट्या स्टुडिओला 800 ते 1000 युरो सहज. सिते युनिव्हर्सितेर नावाच्या कॅम्पसमध्ये भारताचं हॉस्टेल आहे, मेझों द लँद, 1968 पासूनचं, अर्ज जरूर कर पण एका सेमिस्टरवाल्यांनी त्यावर विसंबू नये. आणि फ्रान्समध्ये कुठेही गेलीस तरी घरमालक गॅरंटर मागतो, तिकडचाच, तुझे वडील चालत नाहीत. त्यासाठी विझाल म्हणून सरकारी गॅरंटी आहे, तिशीपर्यंतच्या मुलांना फुकट, ती घर शोधायच्या आधीच काढून ठेवायची.

यानंतर नकाशा. ही गोष्ट कोणी करत नाही म्हणून मला राग येतो. शहराचं नाव वाचून स्वप्नं बघतात आणि कॅम्पस कुठे आहे ते तिकीट काढल्यावर बघतात. अगं, नेरूळ-खारघरच्या किती कॉलेजांच्या जाहिरातीत ‘मुंबई’ लिहिलेलं असतं ते तुला मी सांगायला नको! तिकडेही तेच. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचा कॉम्प्युटर सायन्स विभाग म्युनिक शहरात नाहीच, तो उत्तरेला गार्खिंगला आहे, यू-6 मेट्रो पकडून जायचं. लिऑनमधलं इन्सा हे इंजिनिअरिंगचं मोठं कॉलेज खरं तर शेजारच्या व्हिलरबानला. सिंगापूरची एनटीयू, म्हणजे नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, बेटाच्या पश्चिम टोकाला, बून ले स्टेशनपासून पुढे परत बस, शहरात यायला तास धर. यात वाईट काही नाही, पण माहिती पाहिजे. घोडबंदरवरून ठाणे स्टेशन, मग ट्रान्सहार्बरने नेरूळ असं तू दोन वर्षं केलंयस, तुला प्रवासाचा थकवा काय असतो ते कोणी शिकवायला नको. आज रात्री गूगल मॅपवर चार पिना लाव, विभागाची बिल्डिंग, हॉस्टेल, रोजच्या किराणाचं सुपरमार्केट आणि रेल्वे स्टेशन. पहिल्या तीन पिना अर्ध्या तासाच्या आत बसल्या तर ठीक.

क्रेडिटचं आता जरा नीट वाच, इथे मुलं कंटाळतात आणि इथेच मार खातात. युरोपात क्रेडिटला ईसीटीएस म्हणतात, सेमिस्टरला असे 30 धरतात, एक ईसीटीएस म्हणजे साधारण 25 ते 30 तासांचं काम, घरचा अभ्यास धरून. आपल्याकडे सेमला 20-22 क्रेडिट. त्यामुळे दीड युरोपियन क्रेडिटला आपला एक असं बरेच जण गणित करतात, पण तुझ्या कॉलेजचा नियम काय ते लेखी घे. कॉलेज ऑटोनॉमस असेल तर बोर्ड ऑफ स्टडीज आणि एचओडींच्या सहीवर भागतं, नाहीतर युनिव्हर्सिटीपर्यंत फाइल जाते आणि मग किती दिवस लागतील हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

आमच्याकडच्या एका मुलाने सगळं व्यवस्थित केलं होतं, पाच विषय निवडले, लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे तिकडे कुठले विषय घेणार त्या कागदावर, तिन्ही सह्या, झाक. तिकडे गेल्यावर कळलं की त्यातले दोन विषय फक्त स्प्रिंगमध्ये शिकवतात, वेबसाइटवर दोन्ही सेमिस्टरची यादी एकत्र होती आणि याने बारीक अक्षरातला कॉलम बघितला नव्हता. कुणीच बघितला नव्हता, मीसुद्धा सही करताना बघितला नव्हता, ती चूक मी अजून विसरलेले नाही. त्याने ऐनवेळी तिकडची भाषा आणि संस्कृतीचे कोर्स घेऊन 30 भरले, आमच्या विभागाने त्यातले 10 मानायला नकार दिला, आणि पोराने सुट्टीत दोन विषय परत दिले. तेव्हापासून मी पाचऐवजी आठ विषय लिहून घेते, प्रत्येकासमोर ऑटम की स्प्रिंग, बॅचलरचा की मास्टर्सचा, इंग्लिशमध्ये की नाही, आणि एक्सचेंजवाल्यांना खुला आहे का. तुझ्यासाठी हे चार रकाने पाचही शहरांसाठी भर, दोन तासांचं काम आहे. लिऑनला कदाचित तिथेच अडशील, कारण फ्रान्समध्ये थर्ड इयर लेव्हलचे कॉम्प्युटरचे इंग्लिश कोर्स मोजकेच निघतात. ताम्पेरे आणि सिंगापूरला तो प्रश्न सहसा येत नाही.

आता ताम्पेरे का, ते सांगते, कारण तुला वाटेल मॅडमना काही कमिशन आहे.

दोन मोठ्या तलावांच्या मधली चिंचोळी पट्टी आणि त्यावर वसलेलं गाव. एक नेसियार्वी, दुसरं पुहायार्वी, दोघांच्या पाणीपातळीत फरक, त्यामुळे मधून वाहणाऱ्या धबधब्यावर एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्या उभ्या राहिल्या, फिनलेसनची सगळ्यात मोठी. आता गिरण्या बंद, लाल विटांच्या त्याच इमारतींत हॉटेलं, थिएटर, ऑफिसं. तलावांचं शहर, गिरणी बंद होऊन नवं काहीतरी उभं राहिलेलं, शेजारी मोठी राजधानी. पोखरण रोडच्या रेमंडवरून रोज जाणाऱ्या मुलीला मी आणखी काय सांगू. फरक एवढाच की तिकडे ट्राम ठरलेल्या वेळी सुरू झाली, 2021 च्या ऑगस्टमध्ये, आणि ती हेरवांता नावाच्या उपनगरातल्या टेक्निकल कॅम्पसपर्यंत जाते, तुझे क्लास बहुधा तिथेच असतील. आपण अजून मेट्रोच्या खांबांखालून वाट काढतोय ते जाऊ दे.

स्टुडंट हाउसिंगसाठी तोआस नावाची संस्था आहे, खोली साधारण 300 ते 450 युरो. हेलसिंकी ट्रेनने दोन तासांच्या आत, तिथून बोटीने एस्टोनियाची राजधानी टॅलिन. राजधानी बघायची हौस वीकेंडला भागते. गावातल्या लोकांना सौनाचा, म्हणजे गरम वाफेच्या खोलीचा, एवढा अभिमान की स्वतःला जगाची सौना-राजधानी म्हणवतात, तिथली रायापोर्ती नावाची सार्वजनिक सौना 1906 पासून चालू आहे. पहिल्यांदा जाताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं, मुलींची वेळ-जागा वेगळी असते, दुसऱ्यांदा आपण होऊन जातेस.

आणि अंधार. हे लपवत नाही. डिसेंबरात दिवस साडेपाच तासांच्या आसपास, सकाळी साडेनऊला उजाडतं आणि तीनला दिवे लागतात. डिसेंबरपेक्षाही नोव्हेंबर खराब, कारण बर्फ अजून पडलेला नसतो आणि सगळं करडं, ओलं, झाडं उघडी. आमच्या मुलांपैकी निदान तिघांनी नोव्हेंबरात मला फोन करून मॅडम मी परत येऊ का विचारलंय, आणि तिघेही डिसेंबरात बर्फाचे फोटो पाठवत होते. तुला जर इथे पावसाळ्यात आठवडाभर ऊन नाही दिसलं की उदास वाटत असेल, अगदी प्रामाणिकपणे विचार कर, तर ताम्पेरे दुसऱ्या नंबरवर टाक आणि सिंगापूर पहिलं कर. इथून जॅकेट विकत घेऊ नकोस, एक साधं घालून जा, तिकडे सेकंडहँड दुकानं ठिकठिकाणी आहेत, निम्म्याहून कमी पैशात खरोखरचं थंडीचं जॅकेट मिळतं. इथल्या मॉलमधलं जॅकेट मनालीपुरतं असतं.

सिंगापूर हे तुझं तिसरं होतं ते मी दुसरं केलं. साडेपाच तासांची फ्लाइट, घड्याळ अडीच तास पुढे, आईला रोज व्हिडिओ कॉल करता येईल, इंग्लिश सगळीकडे, अभ्यास मात्र तुझ्या लिस्टमध्ये सगळ्यात कडक. तिकडची मुलं मार्कांसाठी जीव टाकतात आणि ग्रेडिंग एकमेकांशी तुलना करून होतं, म्हणून कॉलेज फक्त पास-नापास ट्रान्सफर करतं की ग्रेड पण आणतं हे आधी विचार. ग्रेड येणार असतील तर तुझा 7.9 सीजीपीए खाली जायची तयारी ठेव. कॅम्पसवर खोली मिळाली तर बजेटमध्ये बसतं, नाही मिळाली तर बाहेर 1000 सिंगापूर डॉलरच्या खाली नीट काही सापडत नाही आणि मग सहा लाख पुरत नाहीत. मुंबईसारखं मोठं असूनही मी ते सुचवतेय कारण तिथे तुझ्यासाठी भाषा, जेवण, प्रवास यातली एकही लढाई नाही.

लिऑन तिसरं. पॅरिसला टीजीव्ही या वेगवान गाडीने दोन तास, भाडं पॅरिसपेक्षा बरंच कमी, दोन नद्यांचं सुंदर गाव. पण फ्रेंच येत नसेल तर बँक, भाड्याचा करार, डॉक्टर, सगळीकडे अडखळायला होतं. आजपासून ऑगस्टपर्यंत रोज अर्धा तास फ्रेंच करणार असशील तर जा.

पॅरिस पूर्ण बाद का? तू आर्किटेक्चर किंवा फाइन आर्टवाली असतीस तर मीच पहिलं लिहायला लावलं असतं, तिथे शहर हाच अभ्यास असतो. किंवा तुझ्या विषयातली एखादी ठरावीक लॅब तिथे असती, प्राध्यापकाने मेलला उत्तर दिलं असतं, तर खोलीची मारामारी करायला अर्थ होता. तू कारण लिहिलंयस ‘लहानपणापासून आयफेल टॉवर बघायचाय’. लिऑनवरून सकाळच्या गाडीने जा, बघ, रात्री परत ये.

पैशाचं. एक्सचेंजमध्ये फी आपल्याच कॉलेजची भरायची, तिकडे ट्यूशन नाही, हे वडिलांना नीट समजाव, ते बहुतेक डिग्री कोर्सचे आकडे ऐकून घाबरलेत. ताम्पेरेचा माझा हिशोब असा, खोली 400, खाणं 250, प्रवास-फोन-किरकोळ 150, म्हणजे महिन्याला 800 युरो, साडेचार महिन्यांचे 3600, युरो शंभरच्या पुढे गेलाय तेव्हा पावणेचार लाख धर. विमान 70-80 हजार, परमिट-इन्शुरन्स-कपडे मिळून लाखभर. साडेपाच झाले, उरले त्यात टॅलिन आणि एखादी लांबची ट्रिप. तोच हिशोब पॅरिसला केला तर सात-साडेसातला जातो. पार्ट-टाइम कामाचे पैसे यात धरू नकोस, फिनलंडमध्ये विद्यार्थ्याला आठवड्याला सरासरी 30 तासांपर्यंत काम करायची परवानगी आहे हे खरं, पण फिनिश न येणाऱ्याला चार महिन्यांसाठी काम कोण देतंय. त्यापेक्षा ऑफिसात जाऊन विचार की युरोपातल्या पार्टनरशी असलेला करार इरॅस्मस प्लसच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या स्कॉलरशिप योजनेच्या, ग्रँटखाली आहे का. असला तर महिन्याला 800-900 युरो आणि प्रवासखर्च वेगळा मिळतो, आणि मग शहराचं अर्धं गणितच बदलतं. आमच्याकडे दोन वर्षं ती सीट रिकामी गेली होती, कारण कुणी विचारलंच नाही.

कोणी टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच घेते तो कर, कापतील म्हणून घाबरवत असेल तर बाहेर पाठवलेल्या पैशावर वर्षाला 10 लाखांपर्यंत तो लागत नाही, तुम्ही त्याच्या खालीच आहात.

व्हिसा युरोपसाठी 90 दिवसांपेक्षा जास्त म्हणून टुरिस्टवाला चालत नाही. फिनलंडला रेसिडेन्स परमिट ऑनलाइन भरायचा, मग मुंबईत बायोमेट्रिक्स, खात्यात महिन्याला 800 युरोप्रमाणे रक्कम दाखवावी लागते. जर्मनीने तोच आकडा 992 केलाय. ॲडमिशन लेटर आल्याच्या दिवशी भर, जुलैत गर्दी होते. पासपोर्टची मुदत आजच बघ, आणि चौथ्या सेमची मार्कशीट लवकर मिळेल या भरवशावर राहू नकोस, प्रोव्हिजनल ट्रान्सक्रिप्ट मागून घे.

शुक्रवारच्या आत आणखी एक काम. तुमच्या ऑफिसातून मागच्या दोन-तीन वर्षांत या शहरांत गेलेल्यांचे नंबर माग. त्यांना ‘कसं होतं’ विचारू नकोस, सगळे ‘मस्त’ म्हणतात. विचार की पहिल्या रात्री कुठे झोपलीस, भाडं नेमकं किती, कुठला कोर्स मिळाला नाही, संध्याकाळी किती वाजता आणि कशाने घरी यायचीस. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आईलाही ऐकव, तिची सेफ्टीची काळजी माझ्या सांगण्याने जाणार नाही, एखाद्या मुलीच्या तोंडून ऐकल्यावर कमी होईल.

आता जेवण. फिनलंडच्या युनिव्हर्सिटी कॅन्टीनमध्ये सरकारी सबसिडीचं दुपारचं जेवण तीन युरोच्या आसपास, आणि रोज एक तरी व्हेज किंवा व्हीगन पर्याय असतोच. चव आजारी माणसाच्या जेवणासारखी, लोणच्याची बाटली जवळ ठेव. सिंगापूरला काही प्रश्नच नाही, सेरांगून रोडला कोमला विलास 1947 पासून इडली-डोसा घालतंय. लिऑन मात्र मांसाहाराची पंढरी आहे, तिथे रोज स्वतः करावं लागेल.

बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पोहे बिनधास्त ने. युरोपला जाणार असशील तर तूप आणि पेढे काढून ठेव. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये आणता येत नाहीत, आमच्या एकीची आजीने कढवलेली किलोभर तुपाची बरणी कस्टमच्या टेबलावरच राहिली आणि ती विमानतळावर परीक्षेत नापास झाल्यासारखी रडली. कुकर तीन लिटरचा ने, केबिन बॅगेत नाही, चेक-इनमध्ये, आणि त्याच्या आत मसाल्याच्या पुड्या भर म्हणजे जागा वाचते. बूड इंडक्शनवर चालणारं आहे ना ते आधी बघ, घरातला जुना ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापणारच नाही. आणि पहिल्यांदा लावशील तेव्हा फ्लॅटमधल्यांना आधी सांग की हा आवाज होणार आहे, आमच्या एका मुलाच्या तिसऱ्या शिट्टीला शेजारची मुलगी जिन्यावरून खाली पळत गेली होती. फोडणी मात्र किचनचं दार लावून आणि पंखा चालू करून, स्मोक अलार्म मिरचीला ओळखत नाही, आणि फायर ब्रिगेड उगाच आली तर काही ठिकाणी त्याचं बिल येतं.